दम धर

६ फेब्रुवारी, गुरु.

गळ्यातली झोळी आज सुटली. बोटांना अजून मुंग्या येतात, पण पेन धरता येतं. पंचवीस दिवस एक अक्षर लिहिलं नव्हतं. वही तीच, जॉबकार्डांच्या रजिस्टरची मागची पानं. शेवटची नोंद ११ जानेवारीची: 'उद्या रवि., सकाळी सातला वैशू. ज. चं ऑइल, ब्रेक बघणे.' बघितलं होतं. दोन्ही ठीक होतं.

गॅरेज उघडलं. मंगल म्हणाली, एवढी काय घाई. घरात पडून छताचा पंखा किती दिवस बघायचा, हे बायकोला सांगत बसलो नाही.

दुपारी धुळ्याहून नानांचा फोन. त्यांनी माझ्या खांद्याचं विचारलं, मी त्यांच्या लेकीचं. 'बसस आते,' म्हणाले, म्हणजे उठून बसते आता. वैशूला रविवारी नाशिकच्या हॉस्पिटलातून घरी आणलं, अँब्युलन्समधून. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. माझं गळपट्टीचं हाड आणि दोन बरगड्या. हिशोब लागत नाही.

शनिवारी येतो म्हणाले. काम आहे. काय ते फोनवर सांगितलं नाही.

८ फेब्रु., शनि.

नाना आले ते अ. घेऊनच. अ. म्हणजे त्यांची अमेरिकन गाडी. वैशूची जर्मन ती ज. जॉबकार्डावर मी दोघींना असंच लिहीत आलो, नाव कोण लिहीत बसणार. जळगाव एमआयडीसीच्या वळणावर असतानाच आवाज कळला. आठ सिलिंडर, पाच लिटर. पूर्वी तो आवाज आला की हातातलं काम टाकून दारात जायचो. आज आतच थांबलो.

चहा घेतला नाही. स्टुलावर बसले. दाढी वाढलेली. त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या सीझनमध्ये हा माणूस चार तास झोपून ताजा असायचा, आज त्यांना स्टुलावरून उठताना भिंत धरावी लागली.

काम असं: मी लेखी द्यायचं. त्या दिवशी गाडीत मीच शेजारी होतो, आणि ज. ची नस न् नस मला माहीत. तर टर्बोनं ऐन वेळी दगा दिला, ताकद उशिरा आली, म्हणून अपघात झाला, असं माझ्या सहीनं पाहिजे. ज्यानं मुंबईहून ही जुनी गाडी वैशूला विकली, त्याच्यावर ते केस टाकणार. मी म्हटलं, नाना, त्यातून काय मिळणार आहे. तर म्हणाले,

'माले पैसा नको. माले नाव पायजे. कोनी करं ते.'

बघतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

९ फेब्रु., रवि.

रविवारी सात वाजता अजून आपोआप जाग येते. उठून काय करायचं ते कळत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरची पानं काढून वाचली, नानांचा कागद लिहायला उपयोगी पडतील म्हणून. माझंच अक्षर, पण माणूस वेगळाच वाटतो. केवढा खूश आहे.

'अ.: पाय टेकवला की निघाली. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरसुद्धा ओढ. पेट्रोल पिते की सांडते कळत नाही. पारोळ्याच्या गतिरोधकावर पोट घासलं, नाना गाडीपेक्षा जास्त कळवळले. वळणावर मागचा भाग ऐकत नाही. थांबायला आळशी.'

'ज.: सहा सिलिंडर, तीन लिटर, एकच मोठा टर्बो. तीन हजार फेऱ्यांखाली झोपलेली. वर गेली की मग जी उठते. हाती गिअर, त्यामुळे चूक चालवणाऱ्याची. वळणं पाठ असल्यासारखी घेते. ब्रेक पहिल्या नंबरचे.'

'आज धुळ्याला बाप-लेकीचं पुन्हा जुंपलं. वैशूनं जिनिंगच्या काटा-पावतीमागे चित्र काढून नानांना टर्बो समजावला: सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरतं, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. नाना म्हणे, म्हणजे तू इंजिनले स्वतःनाच धूर पाजस. कॉलेजात पोरांना मेकॅनिकल शिकवणारी बाई, डोक्याला हात लावून बसली. वैशूची आई, अक्का, पोळ्या लाटता लाटता हसत होती.'

हे मी लिहिलं होतं, १ डिसेंबरला.

पुढची नोंद मात्र वाचून वही मिटली. मग पुन्हा उघडली. 'वैशूचा पाय अ. वर तयार झालेला. दाबलं की लगेच मिळतं, ही सवय. ज. मध्ये दाबते, लगेच काही होत नाही, की घाबरून पाय उचलते. टर्बो जागा व्हायच्या आतच उचलते. तिला आज एकच धडा दिला: दम धर. पाय तसाच ठेव, मनात एक-दोन म्हण, ताकद येतेच. जमतंय.'

जमतंय. पाच रविवार तेच चाललं होतं. ती पाय उचलायला लागली की मी म्हणायचो, दम धर. पुढे पुढे तिला विचार करावा लागत नव्हता. शब्द कानावर पडला की पाय खाली. मी मंगलला घरी येऊन सांगितलंसुद्धा, पोरीला काय पटकन लागली सवय.

११ फेब्रु., मंगळ.

एकदा लिहून टाकतो. इथे नाही लिहिलं तर कुठेच नाही.

१२ जानेवारी, सकाळचे आठ. जामनेर रस्ता, नेरीच्या अलीकडे. पुढे ट्रॅक्टर, मागे कापसाच्या दोन ट्रॉल्या. ज. चौथ्या गिअरमध्ये, फेऱ्या दोन हजारसुद्धा नाहीत. वैशू उजवीकडे निघाली. ट्रॉल्यांच्या मधोमध आलो आणि समोरच्या चढावरून पिकअप वर आली.

वेळ होता. ब्रेक मारून ट्रॉल्यांच्या मागे यायला पुरेसा. तिनंही पाय उचलला होता, मला गाडी सैल पडलेली कळली. ती थांबणारच होती. तिनं एक क्षण माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, दम धर.

मला म्हणायचं होतं थांब. घाई करू नको, मागे घे. आमच्या शिंदखेड्याकडे काय, सगळीकडेच दम धर म्हणजे थांब. भाकरी मागणाऱ्या पोराला आई दम धर म्हणते. अठ्ठावन्न वर्षं मी तो शब्द तसाच वापरला. त्या गाडीत मात्र मीच त्याचा अर्थ बदलून ठेवला होता, पाच रविवार घासून घासून. तिनं पाय खाली दाबला. तिनं मी शिकवलेलंच केलं.

एक, दोन, आणि टर्बो जागा झाला. ट्रॅक्टरच्या तोंडाशी होतो आम्ही. पिकअप अगदी समोर. तिनं उजवीकडे कच्च्यावर घातली, खडीवर मागची चाकं सुटली, आणि मोरीचा कठडा. तिच्या बाजूनं. पिकअप मधून निघाली, ट्रॉलीला घासली. त्या ड्रायव्हरचा हात मोडला, आता बरा आहे म्हणतात.

हवालदार माझा जबाब घ्यायला खाटेजवळ आला होता. नातं विचारलं. मामा म्हटलं. सख्खे? नाही, तिची आई माझ्या गावची, घराला घर लागून. तिला भाऊ नाही, मला बहीण नाही, चाळीस वर्षं राखी तीच बांधते. त्यानं 'मानलेले' असं लिहिलं. मग विचारलं, अपघाताच्या आधी गाडीत काय बोलणं झालं?

मी म्हटलं, आठवत नाही.

डोक्याला पट्टी होती, त्यानं लगेच मानलं. आठवत होतं. आत्ता आठवतंय तितकंच.

१५ फेब्रु., शनि.

नानांचा कागद लिहायला बसलो. 'सदर वाहनाच्या टर्बोचार्जरमुळे शक्ती विलंबाने प्राप्त होते.' हे खरं आहे. 'मोठ्या इंजिनाच्या वाहनात असा विलंब होत नाही.' हेही खरं. एकही वाक्य खोटं नाही आणि सगळा कागद खोटा. फाडला.

मंगलनं तुकडे गोळा करताना विचारलं, काय आहे? बिल चुकलं म्हणून सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांत मी बिल कधी फाडलेलं नाही.

२३ फेब्रु., रवि.

आज जे झालं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

नाना सकाळी अ. घेऊन हजर. चल म्हणाले. जामनेर रस्त्याला लागले तेव्हा समजलं. नेरीच्या ओळखीच्या माणसाकडून ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मागवून ठेवल्या होत्या. रिकाम्या. पलीकडे चढावर एक माणूस उभा, समोरून काही येत नाही ना ते बघायला. सगळी तयारी. मी नको म्हटलं. त्यांना ऐकूच गेलं नाही.

ट्रॅक्टरमागे त्याच वेगाला आलो. त्याच जागी नाना उजवीकडे निघाले, पाय टेकवला. अ. ओरडली आणि आम्ही पुढे. एवढंच. मनात एक-दोन म्हणायलाही फुरसत नाही. पिकअप तिच्या जागी असती तरी आम्ही आरामात डावीकडे आलो असतो. नानांनी तीनदा केलं. तीनदाही तेच.

मग मोरीजवळ थांबवली. कठड्याचे दोन दगड निघालेत. राहिलेल्यांवर ज. चा राखाडी रंग आहे. नाना त्या कठड्यावर बसले आणि तोंडावर रुमाल धरला.

'मनी गाडी ऱ्हाती ते पोर आज दोन पायवर चालती,' म्हणाले.

बरोबर आहे. मी त्यांना तसं म्हणालोही. जे म्हणालो नाही ते इथे लिहितो. अ. सुटली असती. ज. थांबली असती. तिचे ब्रेक असे आहेत की त्या अंतरात ती दोनदा थांबली असती. अ. मध्ये तो शब्द शिकवायची वेळच आली नसती, आणि ज. मध्ये तो मी शिकवला. तीस वर्षं लोक मला विचारतात, मोठं इंजिन चांगलं की टर्बो. तासन् तास बोललोय त्यावर, चहावर चहा पीत. आज कुणी विचारलं तर त्याला गॅरेजबाहेर काढीन.

नाना येताना म्हणाले, आता लिहिशील ना? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांना ते हो वाटलं असावं.

२ मार्च, रवि.

धुळ्याला गेलो, एसटीनं. ठरवून गेलो होतो, आधी वैशूला सांगायचं, मग नानांना.

नानांचं देवपूरचं घर. खालची मागची खोली तिला दिलीय. पलंगावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कॉलेजातून मागवून घेतलेत. लाल पेन. म्हणाली, पोरांनी टर्बोचं उत्तर काय दिव्य लिहिलंय बघा. हसली. चादर उजवीकडे मध्येच सपाट होते. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी सारखं तिकडेच.

अक्का चहा ठेवायला गेली. मी सुरुवात केली, वैशू, त्या दिवशी मी. तिनं पेनाला टोपण लावलं.

'मामा, तुम्ही पोलिसांना आठवत नाही म्हणालात ना? मला सगळं आठवतं.'

मी मान खाली घातली.

'मी जबाबात सांगितलंय, मामा थांब म्हणाले आणि मी ऐकलं नाही. सही केलीय. आता तुम्ही काही बोलू नका.'

मी म्हटलं, मी थांब नव्हतो म्हणालो. म्हणाली, तुम्हाला तेच म्हणायचं होतं, मला आत्ता कळतं ना. त्या क्षणी मला दुसरं कळलं. मी म्हटलं, मग खरं ते सांगू, चूक माझी आहे. तर ही बाई मला वर्गात समजावल्यासारखं समजावते. गाडी मी चालवत होते, केस माझ्यावरच होणार, तुम्ही सांगून तीत काही फरक पडत नाही. फरक पडेल तो घरात. नाना तुम्हाला तोडतील. कायमचे. त्यांचा स्वभाव तुम्हाला नवा नाही. आणि तुमचं घर सोडून आईला माहेर आहे का दुसरं? अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या माहेरपणाला ती कुठे जाणार?

अक्का चहा घेऊन आली. माझ्या बशीत दोन बिस्किटं जास्तीची. लहानपणापासून असंच.

नानांना भेटलो नाही. जिनिंगवर होते. खरं सांगायचं तर मोकळा झालो असं वाटलं, आणि तेवढ्यासाठी स्वतःची किळस आली. परत येताना पारोळ्यापर्यंत उभा होतो. जागा होती.

१३ मार्च, गुरु.

होळी. मंगलनं पुरण घातलं. खाल्लं. चव कळली नाही.

१९ मार्च, बुध.

पोलीस ठाण्याच्या आवारात ज. ठेवलीय. परवानगी काढून बघून आलो. नानांचा फोन सारखा येतोय, कागद कुठंय म्हणून. म्हटलं एकदा हात लावून बघू, खरोखर टर्बोत काही निघालं तर.

उजवी बाजू बघवत नाही. पेडलाच्या जागी पत्रा आत आलाय. पुढून वाकून टर्बोचा पाइप सोडवला, बोट आत घालून चक्र फिरवलं. गुळगुळीत फिरलं. ढिलाई नाही, तेलाची गळती नाही, पाती साबूत. दोन महिने धुळीत पडूनसुद्धा. मी आत्तापर्यंत बघितलेल्यात सगळ्यात धडधाकट टर्बो.

देवाला काय, मी त्या चक्राला हात जोडले असते, जरा तरी अडकलं असतं तर.

२९ मार्च, शनि.

नानांच्या वकिलानं जबाबांच्या नकला काढल्या. त्यात वैशूचा सापडला.

नाना दुपारी आले. गाडीतून उतरले ते सरळ माझ्यासमोर येऊन दोन्ही हात जोडले. माझ्याहून मोठा माणूस, नात्यानं मेव्हणा, ज्याच्या पाया मी पडायचं, तो गॅरेजच्या दारात चार गिऱ्हाइकांसमोर हात जोडून उभा. मी हात धरून आत आणलं. रडत होते. म्हणाले, मी तुझ्याकडे खोटा कागद मागत होतो, तू दिला नाहीस, आणि पोरीची चूक तुला माहीत असून तू तिचं नाव घेतलं नाहीस.

'तू इतलं सांगं, तरी तिनी ऐकं नही. माले नाव पायजे व्हतं ना. मिळनं.'

त्या वेळी बोलायला हवं होतं. लिहायला सोपं आहे. तोंड उघडलं होतं मी, इतकं नक्की. मग आखाजी, अक्का, वैशूचं ते टोपण लावलेलं पेन, सगळं एकदम आलं आणि शब्द गिळला. नानांनी पेढे ठेवले टेबलावर. पेढे. पाव किलोचा पुडा, धुळ्याचा.

मंगलला पुडा दिला. कुणाचा म्हणाली. नानांचा म्हटलं. कशाबद्दल विचारलं. मी हात धुवायला गेलो आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

३० मार्च, रवि.

पाडवा. गुढी मंगलनं उभारली. माझा खांदा वर जात नाही, हे कारण या वर्षी उपयोगी पडलं.

रात्रभर जागाच होतो. पहाटे मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'जो शब्द तुमच्या तोंडून गेला, तो त्या पोरीनं आपल्या अंगावर का घ्यावा?' एवढं विचारून अंघोळीला गेली.

७ एप्रिल, सोम.

अक्काचा फोन. एरवी ती फोनवर ओरडून बोलते, धुळ्याहून जळगावला थेट ऐकू जावं इतकी. आज कुजबुजत होती. नाना वैशूच्या खोलीत जात नाहीत. दहा दिवस झाले. जेवताना ताट वेगळं, तिच्या औषधांचं विचारायचं ते अक्काकडून विचारतात. एकदाच दारात उभे राहून म्हणाले, मामा सांगत होता तरी तुला पुढे जायचं होतं, आता बस. पोर भिंतीकडे तोंड करून पडली. उत्तरपत्रिका परत पाठवून दिल्या. कृत्रिम पायाचं माप द्यायला नाशिकला जायचं होतं, तेही नको म्हणते.

'बठ्ठं घर मुकं व्हई गयं, भाऊ.'

मग थोडं थांबून, आखाजीले मी येस ना, म्हणून विचारलं. दर वर्षी सांगते, येस म्हणून. विचारत कधी नाही. मी म्हटलं, ये ना अक्का, हे काय विचारणं झालं. ती फोन ठेवत नव्हती. तिला काही वास लागलाय का? की मलाच सगळीकडे वास येतो.

वैशूचा हिशोब चुकला. तिला वाटलं नाना ओरडतील, चार दिवसांनी विसरतील. चाळीस वर्षं मी ओळखतो त्या माणसाला. ओरडले तर विसरतात. गप्प बसले तर नाही.

१३ एप्रिल, रवि.

सांगितलं.

देवपूर, दुपारी दीड. नाना झोपाळ्यावर. अक्का आत. मी उभ्यानंच सुरू केलं, बसलो असतो तर राहिलं असतं. म्हटलं, नाना, वैशूचा जबाब खरा नाही. मी थांब म्हणालो नव्हतो.

'मंग तू काय बोलना व्हता?'

मी तो शब्द सांगितला. मग त्यांना समजेना, कारण दम धर म्हणजे थांबच की. तेव्हा सगळं उकलून सांगावं लागलं. पाच रविवार, पाय, एक-दोन, टर्बो. गॅरेजमध्ये नव्या माणसाला समजावतो तसं, पायरी पायरीनं, हातानं पेडल दाबून दाखवत. मध्येच माझा मला हात दिसला आणि तो खिशात घातला. पोलिसांना आठवत नाही म्हणालो तेही सांगितलं. पेढे घेतले तेही.

झोपाळा थांबला होता. नानांनी विचारलं, तिला माहीत आहे का. मी म्हटलं, हो, पहिल्यापासून. मग तिनं असं का केलं, असं विचारलं त्यांनी. अक्काच्या माहेरासाठी, म्हटलं. हे सांगताना मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

नाना उठले, आतल्या खोलीकडे गेले. वैशूच्या दारापर्यंत. तिथे उभे राहिले, आत गेले नाहीत, बाहेरही आले नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अक्का. सगळं ऐकलं होतं तिनं. हाताला पीठ. मी तिच्याकडे बघू शकलो नाही, ती माझ्याकडे बघत होती की नाही हे मला माहीत नाही.

चपला घातल्या आणि निघालो. मागून कुणी हाक मारली नाही.

१६ एप्रिल, बुध.

ठाण्यात गेलो. जबाब बदलायचाय म्हटलं. साहेबांनी फाइल काढून दोन्ही जबाब वाचले. म्हणाले, मुलगी म्हणते तुम्ही थांब म्हणालात, तुम्ही म्हणता दम धर म्हणालात. काका, दोन्ही एकच ना? मी त्यांनाही समजावलं. त्यांनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. कागदावर 'दम धर' लिहिलं तर वाचणारा थांब असंच वाचणार, म्हणाले. वकील घेऊन या.

कायद्याला माझी चूक समजतच नाही. यात सुटका वाटायला हवी होती.

२१ एप्रिल, सोम.

धुळ्याहून काही नाही. मी वैशूला फोन केला, उचलला नाही. अक्काला करायचा धीर नाही.

मंगलनं माळ्यावरून आखाजीच्या झोक्याचा दोर काढून उन्हात टाकलाय. अक्का आली की गच्चीखालच्या कडीला बांधतो, साठीची बाई पोरीसारखी झोके घेते. मी म्हटलं, कशाला काढलास. मंगल म्हणाली, दर वर्षी काढते म्हणून काढला. दोर दिवसभर तिथंच.

आज गिऱ्हाइकाला चुकून म्हणालो, जरा दम धरा, गाडी होतेय. मग मलाच पुढे बोलता येईना. तो म्हणाला, काका बरं वाटत नाही का?

२७ एप्रिल, रवि.

सकाळी अकराला नानांचा फोन. चौदा दिवसांनी.

कसा आहेस वगैरे काही नाही. म्हणाले, मंगळवारी नाशिकला जायचंय, वैशूच्या पायाचं माप द्यायला. ती तयार झालीय. पण अपघातानंतर ती अँब्युलन्सशिवाय कशात बसलेली नाही. अ. चा आवाज सुरू झाला तरी कान झाकते. म्हणून साधी गाडी भाड्यानं सांगितलीय. ड्रायव्हर मात्र तिला दुसरा कोणी नको. मामा चालवणार असतील तरच बसेन, म्हणते. हट्ट धरून बसलीय.

मी काही बोलणार, त्याआधी ते म्हणाले,

'तुनं तोंड देखानं नही माले. पन मंगळवारले ये. गाडी तू चालाव. गाडीमा तोंड उघाडानं नही. एक शब्दबी नही.'

हो म्हटलं. आखाजी बुधवारी आहे, अक्काचं काय, हे विचारेपर्यंत फोन ठेवलेला होता.

मंगलला सांगितलं. तिनं विचारलं, खांदा झेपेल का तेवढा वेळ. झेपेल. रस्ता चांगला आहे, धुळ्याहून तीन तास. हळू नेईन, साडेतीन. पाणी, उशी, ती मागे बसेल, पुढची डावी सीट पुढे सरकते का ते आधी बघून घ्यायचं. आरसा असा लावायचा की ती दिसेल.

फक्त एक आहे. वैशू गाडीत गप्प बसणारी नाही. कधीच नव्हती. साडेतीन तासांत ती काहीतरी विचारणारच, मामा, बरोबर ना, म्हणून. तेव्हा काय करायचं, हे नानांना विचारायचं राहिलं.